लोणच्या जेवत नाही

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या सरड्यानं जेवण सोडलं.

तेव्हा आम्ही टेक्सासात, शुगर लँडला राहत होतो. मी लहान मुलांची डॉक्टर, नवरा श्रीकांत तेलकंपनीत इंजिनिअर, नऊ वर्षांची मुग्धा आणि सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या सासूबाई, असे आम्ही चौघं. मुग्धाला कुत्रा हवा होता. कुत्रा नको तर मांजर, मांजर नको तर ससा, अशी घासाघीस करत आम्ही शेवटी बोटभर लांबीच्या सरड्यावर येऊन थांबलो. (आपण जिंकलो, असं मला बरेच दिवस वाटत होतं!)

"इट्स अ कमीलियन, आई. अजून बेबी आहे," असं म्हणून मुग्धानं त्याचं नाव ठेवलं 'पिकल'. सासूबाईंनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि लगेच हाक मारली, "ये रे लोणच्या!"

पहिले दोन दिवस लोणच्या मजेत होता. समोर किडा सोडला की सटकन जीभ बाहेर यायची आणि किडा गायब! तिसऱ्या दिवशी त्यानं एक डोळा किड्याकडे फिरवला, दुसरा माझ्याकडे फिरवला आणि दोन्ही मिटून घेतले.

"आई, ही इज नॉट ईटिंग."

"भूक लागली की खाईल गं. मी रोज दहा आयांना हेच सांगते."

"पण त्या आया सरडे आणतात का?"

प्रश्न बरोबर होता. मी विचार सुरू केला. काचेच्या पेटीत एकटा जीव, करमत नसेल बिचाऱ्याला! मी बाथरूममधला छोटा आरसा आणून आतल्या फांदीसमोर उभा केला. सोबत होईल म्हणून. लोणच्यानं आरशात पाहिलं, अंग फुगवलं, काळाठिक्कर पडला आणि फांदीच्या मागे जाऊन लपला.

"लाजला," मी म्हणाले.

श्रीकांतचं मत वेगळं. "अगं, बाहेर शंभर डिग्री फॅरनहाइट आहे. उकडत असणार त्याला." त्यानं पेटी उचलून एसीच्या झोताखाली नेऊन ठेवली. मी पाण्याची वाटी भरून आत सरकवली. वाटीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, की दुकानातून आणलेले किडे फारच किरकोळ आहेत. वाढत्या वयात सकस आहार नको का? मासे पकडायला गळाला लावतात ना, ते दणदणीत रातकिडे मी डबाभर घेऊन आले. त्यातला एक पेटीत सोडला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जो मागे सरकला, तो रातकिडा नव्हता.

शनिवारी ही बातमी मराठी मंडळींत पोचली आणि तीन कुटुंबं सरडा बघायला आली. मी हौसेनं चहा-चिवडा केला. लोणच्या या तळहातावरून त्या तळहातावर फिरला. एका काकांनी त्याला चष्म्यावर बसवून फोटो काढून घेतला. "अरे वा, अगदी शांत आहे हो हा!" ते म्हणाले. शांत कसला, जीव मुठीत धरून बसला होता. पण हे आम्हाला मागाहून कळलं.

रविवारी दुपारी लोणच्याचे डोळे खोल गेलेले दिसले. मुग्धानं ताट पुढे ढकललं.

"पिकल जेवेपर्यंत मी नाही जेवणार."

आता घरात दोघांचं उपोषण! मला खरंच धास्ती वाटायला लागली. पोर रडत नव्हती, नुसती पेटीजवळ बसून होती, आणि तेच बघवत नव्हतं.

सासूबाई उठल्या. "सुनीता, काल एवढी माणसं बघून गेली. दृष्ट लागलीय त्याला."

"आई, सरड्याला कुठे दृष्ट लागते?"

"तुझी औषधं लागली का त्याला?"

सासूबाईंनी मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या लोणच्यावरून उतरवून तव्यावर टाकल्या. अर्ध्या मिनिटात घर खोकायला लागलं आणि छतावरचा स्मोक अलार्म असा काही किंचाळला, की माझ्या हातातला रातकिड्यांचा डबा खाली पडून उघडला! श्रीकांत खुर्चीवर चढून वर्तमानपत्रानं वारा घालतोय, सासूबाई "अगंबाई, माझ्या पदरात!" करत गोल फिरतायत, मी पलंगाखाली पालथी पडून किडे गोळा करतेय. आणि पेटीत लोणच्या पुन्हा काळा.

"बघ, दृष्ट कशी काळी होऊन बाहेर पडली," सासूबाई खोकत म्हणाल्या.

सोमवारी मी क्लिनिकला सुट्टी टाकून मुग्धाला आणि लोणच्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. म्हातारा, संथ बोलणारा टेक्सन. त्यानं लोणच्याला हातही लावला नाही. आम्ही काय काय केलं ते मुग्धाकडून ऐकून घेतलं, मग वही उघडून तो एकेक प्रश्न विचारत गेला.

"आरसा कुणी ठेवला?"

"माय मॉम," मुग्धा म्हणाली.

"एसीखाली?"

"डॅड."

"एवढे मोठे किडे?"

"मॉम."

"पाणी वाटीत?"

"मॉम. पाहुण्यांना पण तिनंच दाखवला." मग माझी बाजू सावरावी म्हणून तिनं अभिमानानं सांगितलं, "शी इज अ डॉक्टर!"

त्यानं पेन खाली ठेवलं. "कुणाची?"

"लहान मुलांची," मी पुटपुटले. त्यानं पेन परत उचललं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग त्यानं शांतपणे समजावलं. आरशातला सरडा म्हणजे त्याच्या लेखी घरात घुसलेला शत्रू. गारठ्यात त्याला अन्न पचत नाही. साठलेलं पाणी त्याला दिसतच नाही म्हणा ना, तो पानावरचे थेंब चाटतो. घास तोंडापेक्षा मोठा असला की पिल्लू घाबरतं. आणि सतत हाताळलं, टक लावून पाहिलं, तर अन्न सोडतं.

"औषध?" मी विचारलं.

"तुम्ही लांब राहा."

घरी येऊन आम्ही सगळं बदललं. पेटी मुग्धाच्या खोलीत गेली. वर उबेला दिवा लावला, आत हिरव्या फांद्या लावल्या, बाजूंना कापड टाकलं. श्रीकांतनं प्लास्टिकच्या पेल्याला टाचणीनं भोक पाडून पानांवर थेंब पडतील अशी सोय केली. (ऑफिसात त्यानं एवढं मन लावून काही केलं असेल, असं वाटत नाही!) बारीक किडे आणले. मुग्धा कशीबशी दूधपोळी खायला कबूल झाली.

बुधवारी संध्याकाळी दाराच्या फटीला डोळा लावून बसलेली मुग्धा कुजबुजली, "आई! जीभ! ही एट इट!"

मी धावले, पण दाराशीच थांबले. मुग्धानं वळून मला घट्ट मिठी मारली आणि वरणभात मागितला. दोनदा. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मिरचीचा धूर नसताना!

दुसऱ्या दिवशी मुग्धाच्या दारावर तिच्या अक्षरातला कागद चिकटला. पेशंटला भेटायच्या वेळा. आजी: रोज. डॅड: रविवारी, पेला भरायला. मॉम: बाय अपॉइंटमेंट ओन्ली.

मी रीतसर अपॉइंटमेंट मागितली. मुग्धानं वही चाळून पुढच्या महिन्यातला एक गुरुवार दिला. त्या गुरुवारी मी क्लिनिकमधून लवकर निघाले, हात धुतले, बरोबर पाच वाजता दार वाजवलं.

दार किलकिलं झालं. सासूबाईंनी आतून मान बाहेर काढली.

"आज नको गं, सुनीता," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता कुठे जेवायला बसलाय."