सड्यावरची चौदा पावलं

फोन दुपारी आला. मी लांज्याला, काजू कारखान्याच्या ऑफिसात होतो. शैलाआत्या म्हणाली, "विजू, काका गेले रे. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तू ये... आणि येताना कोरे कागद आण. परदेशी माणूस, पोलिसांत कळवावं लागेल. अर्ज तूच लिही." मी गेलो. वर विषय घातला, चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला, आत्याची सही घेतली. वॉल्टरकाकांबद्दल सरकारदरबारी गेलेला तो शेवटचा कागद. पहिला कागदही माझ्याच हातचा होता. ते मात्र इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या वाडीतला मी पहिला पदवीधर. हे मी लपवत नाही, सांगायची संधी सोडतही नाही. बापाने दुसऱ्यांच्या कलमांवर चढून आंबे उतरवले आणि मला रत्नागिरीला कॉलेजात ठेवलं. वाडीत कुणाला अर्ज, तक्रार, काहीही लिहायचं असलं की माणूस माझ्या पडवीत येऊन बसतो. शाळेत असल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. शैलाआत्या आमच्या भावकीतली. ती इंग्लंडात नर्स होती तेव्हा तिच्या आईची पत्रं मीच लिहायचो. तिने तिकडे एका गोऱ्याशी, म्हणजे वॉल्टरकाकांशी, लग्न केलं, ते पत्रही म्हातारीला मीच वाचून दाखवलं. "क्रिकेट खेळायचा म्हणे," मी म्हटलं. म्हातारी म्हणाली, "ता असू दे. पण कामधंदा काय करतो?"

म्हातारपणी दोघं आत्याच्या माहेरच्या घरी राहायला आली. आता मला सांगा, आमची माणसं इथून मुंबईला जातात, मुंबईतून दुबईला. उलटा येतो कोण? त्याच सुमारास सड्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या कातळपठारावरच्या, जमिनी कोण कुठले लोक विकत घेत होते. अनोळखी गाड्या यायच्या, कातळावर खुणा करून जायच्या. कुठला प्रकल्प येणार, कुणाला पत्ता नव्हता. आणि हा उंच गोरा म्हातारा रोज सकाळी सड्यावर जायचा, एका दगडाला चुना फासायचा, तिथून पावलं मोजत चालायचा, परत यायचा, मग त्याच दगडापासून लंगडत धावत सुटायचा आणि एका ठिकाणी हात हवेत फिरवून थांबायचा. शेजारचा बाळा गुरं घेऊन तिथे असायचा. तो म्हणाला, "चेंडू नाय, बॅट नाय, आणि क्रिकेट कसला खेळतोय मेला? मोजणी चाललीय. दगडाक चुना उगाच लावतो काय कोण?" मला ते पटलं. शिकलेल्या माणसाला संशय लवकर पटतो, कारण त्याला तो नीट मांडता येतो.

'सदर परदेशी इसम संशयास्पदरीत्या जमिनीची मोजणी करीत असून...' अशी मी सुरुवात केली. वाडीला वाचून दाखवला तेव्हा माणसांनी पुन्हा एकदा वाचायला लावला, इतका तो अर्ज चांगला उतरला होता. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. माझी सही नव्हती. 'आत्या लागते माझी,' असं कारण मी दिलं. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी काका माझ्या पडवीत उभे. हातात पोलीस ठाण्याची नोटीस आणि तिला मागे टाचलेली माझ्या अर्जाची झेरॉक्स. त्यांचं मराठी आत्याकडून उचललेलं, म्हणून सगळं बाईमाणसाचं. "विजू, मी आले. हे वाचून सांग." मी माझाच अर्ज त्यांना माझ्या कॉलेजच्या इंग्रजीत समजावून सांगितला. 'संशयास्पद' आलं तिथे मी घाईने पुढच्या ओळीवर गेलो. ऐकून झाल्यावर त्यांनी झेरॉक्सवर बोट ठेवलं. "अक्षर सुंदर. कोणाचं?"

"काय माहीत? तालुक्यात लिहिणारे पुष्कळ."

त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवले. "हं... उद्या माझ्याबरोबर चल. तू चांगला समजावतोस."

पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, "रोज सकाळी मोजता काय?" काकांनी त्यांना बाहेर बोलावलं. अंगणात जाऊन चपला काढून खुणेला ठेवल्या, चौदा पावलं मोजली, परत आले आणि धावत सुटले. चौदाव्या पावलाला हात खांद्यावरून असा फिरला की त्यांचं लंगडणं त्या क्षणापुरतं कुठे गेलं कळलं नाही. व्हरांड्यातला शिपाई ओरडला, "साहेब, हा बॉलर आहे! रनअप मोजतोय!" साहेब हसले, चहा आला, चौकशी संपली.

माझी संपली नव्हती. परतीच्या एसटीत मी त्यांची उलटतपासणी घेतली. खेळाडू होता, तर घरात एक फोटो कसा नाही? काका सरळ सांगत गेले. बाप कोळशाच्या खाणीत. घरातला खाणीत न उतरलेला पहिला मुलगा हा. तिथल्या कौंटीच्या संघासाठी अकरा हंगाम, मध्यमगती गोलंदाजी आणि सहाव्या नंबरला फलंदाजी. "दोन्ही येतं, म्हणून कप्तान काढत नाही. दोन्ही थोडं थोडं येतं, म्हणून पेपरात नाव नाही." देशाच्या संघाने एकदा बोलावलं होतं.

"मग?"

"बारावा खेळाडू. पाणी घेऊन आत गेले."

"म्हणजे पंगतीत पाणी वाढलंत, पानावर बसला नाहीत!" काका एवढ्या मोठ्याने हसले की कंडक्टरने वळून बघितलं. मग गुडघा गेला, कौंटीने परत बोलावलं नाही, आणि ज्या हॉस्पिटलात गुडघा कापला तिथे आत्या होती. मी विचारलं, "आता रोज धावता कशाला?" खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघते... अजून येतं का."

पुढे त्यांनी वाडीच्या संघाला खेळायला शिकवलं. पहिल्या सामन्याला स्कोअर लिहायला वही नव्हती. काकांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, कोरी बाजू वर करून माझ्यापुढे ठेवला. "विजू लिहील. अक्षर चांगलं." तेव्हापासून प्रत्येक सामन्याचा स्कोअर माझ्याकडे. मला हे खटकायचं. लिहिता येणारे दुसरे होते की. आणि एक गोष्ट त्याहून जास्त टोचायची, रोज नाही पण अधूनमधून, जेवताना, एसटीत... घरात मराठी वाचणारी बायको असताना नोटीस माझ्याकडे का आणली?

विचारायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मी विचारलं नाही.

परवा त्यांच्या कागदपत्रांची फाईल आत्याने माझ्यापुढे ठेवली. पासपोर्टच्या खाली तो पहिल्या सामन्याचा स्कोअर होता. माझ्याच आकड्यांनी भरलेला. मी तो उलटला. 'सदर परदेशी इसम संशयास्पदरीत्या...'

आत्या समोरच तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "आत्या, त्यांना ठाऊक होतं?"

"मी सांगितलं तर ठाऊक असणार ना! आईची पत्रं तुझ्या अक्षरात किती वर्षं वाचली मी. पहिल्या ओळीला ओळखलं." तिने सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "ते भांडायला नव्हते आले तुझ्याकडे. मीच पाठवलं. म्हटलं, विजू शिकलेला आहे, समोर गेलात तर खरं सांगेल."

"परत आल्यावर काय म्हणाले?"

"म्हणाले, थांबू या."

ते नऊ वर्षं थांबले. मुद्दाम थांबले, की विसरून गेले, तो कागद मुद्दाम दिला, की हाताला लागला म्हणून... मी अजून ठरवू शकलेलो नाही. संशय माझ्या अंगातून जाणारा नाही, हे मला आता कळलंय.

काल सकाळी मी सड्यावर गेलो. दगड तिथेच आहे, चुना मात्र पावसाने उतरलाय. सोबत नेलेला चुना मी त्याला फासला आणि पावलं मोजत निघालो. बाळा गुरं घेऊन वर आला होता. काठीवर हनुवटी टेकून बघत राहिला.

"काय रे विजू, मोजणी? तुझ्यावर करूया काय आता अर्ज?"

"कर की. लिहून मीच देईन."

"आणि सही?"

"या खेपेला पहिली माझी," मी म्हटलं, आणि थांबलो होतो त्या अकराव्या पावलापासून पुढे मोजू लागलो.