माझ्या पान्याचा नट

पान्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिले, तरी गाडीच्या मागच्या चाकाचा नट हलला नाही. लांबच्या प्रवासासाठी हत्यारांची पिशवी भरली होती आणि निघण्याआधी अंगणातच चाक काढून पाहत होते. गॅरेजवाल्यानं तो नट हवेच्या दाबावर चालणाऱ्या गननं आवळला होता.

त्याच्याकडे गेले. त्यानं गननंच क्षणात सैल केला. "ताई, कशाला ही पिशवी? अडलात तर फोन करा."

काळजीपोटी लोक किती गोष्टी अशा आवळून जातात, की उघडायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागतं.

नट पुन्हा आवळायला त्यानं परत गन उचलली.

"ठेवा ती खाली," मी म्हटलं आणि पिशवीतला पाना काढला. "घाटात पंक्चर झालं, तर नट सोडवणार मी आहे. आवळणारही मीच."