फॉल-इनला रडगाणं नको

पायदळात बावीस वर्षं काढून मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. बायको नर्स. तिच्या व्हिसावर मँचेस्टरला आलो आणि एका मोठ्या हॉस्पिटलात पोर्टर झालो. पेशंटच्या ट्रॉल्या आणि ऑक्सिजनचे सिलिंडर इकडून तिकडे न्यायचे, हे काम. दोन वर्षांत सहा जणांचा टीम लीडर झालो. माझ्या लेखी तो माझा सेक्शनच होता.

सकाळी ०६५० ला हडल, म्हणजे ड्यूटीआधीची उभ्याउभ्या मीटिंग. माझ्यामुळे सगळे त्याला फॉल-इन म्हणू लागले. भिंतीवरच्या बोर्डावर प्रत्येकाने आपल्या नावापुढे चुंबक लावायचं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे मदत हवी, लाल म्हणजे घरी जा. मॅनेजर क्लेअर म्हणायची, "नो क्वेश्चन्स, प्रॉमिस." तिने तो शब्द पाळलाही.

मला ही थेरं वाटायची. आमच्या पलटणीत सिक रिपोर्ट करणाऱ्याकडे कामचुकार म्हणून बघत. मी टीमला सांगायचो, मन ताठ ठेवा, शरीर मागून येतं. आमचा बोर्ड चार महिने सलग हिरवा होता. क्लेअरने आमचा फोटो कँटीनमध्ये लावला. मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू.

शेखर माझा सगळ्यात भरवशाचा गडी. नागपूरचा, वय सेहेचाळीस, कामाला कधी नाही म्हणाला नाही. एका मंगळवारी त्याने पिवळं लावलं.

"काय रे?"

"साहेब, छातीत जड वाटून राहिलं. खांदाही दुखून राहिला."

"काल काय खाल्लंस?"

"सावजी मटण."

"मग तेच बोलतंय. चाललास की उतरेल. बी पॉझिटिव्ह."

तो हसला. क्लेअर यायच्या आत मीच त्याचं चुंबक बदलून हिरवं लावलं. शेखर ट्रॉली घेऊन निघाला. सुभेदारापुढे जवान बोलत नाही. तो फौजी नव्हता, मीच त्याला तसा केला होता.

०९२० ला रेडिओ वाजला. "पोर्टर डाउन. लिफ्ट फोर, सेकंड फ्लोअर."

"कोण? ओव्हर."

"शेखर."

मी जिन्याने धावत गेलो. क्रॅश टीम छाती दाबत होती. ०९५८ ला त्यांनी हात थांबवले. मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाली, दोन तास आधी आला असता तर बहुतेक वाचला असता. सकाळी सातला तो इमर्जन्सीपासून एका कॉरिडॉरच्या अंतरावर उभा होता. मला तिथेच भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

दुपारी त्याची बायको वर्षा आली.

"साहेब, सकाळी हे काही बोलले का हो तुम्हाला? घरून निघताना म्हणाले, आज साहेबांना सांगून लवकर येतो."

"नाही वहिनी. काहीच नाही."

फौजेत माझ्या सेक्शनचे दोन जवान गेले. दोघांच्या घरी मी स्वतः गेलो आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. शेखर तिसरा. त्याच्या घरी मी अजून दर रविवारी जातो. वहिनी माझ्यापुढे चहा ठेवतात आणि मुलीला सांगतात, "तुझ्या बाबांना कामावर साहेबांचा फार आधार होता."