नाल्यापलीकडच्या चार खुणा

अख्ख्या मराठवाड्यात ‘मला म्हाईत न्हाई’ हे वाक्य छाती काढून म्हणणारा माणूस मी एकच पाहिला: विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर पीएच.डी. करणारा आमचा हदगावचा सीनियर. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळं कळलं नसलं तरी मान हलवायची मला खोड. त्याचं उलटं. शिकवताना तो दर वाक्याला थांबून पोरांना कळलं की नाही याची खूण करायला लावी. कँटीनवाल्यालाही त्यानं लांबूनच चहा सांगायच्या खुणा शिकवल्या होत्या. एकदा खूण चुकली अन् सात कप आले, तर पठ्ठ्यानं चूक आपली म्हणून सातही रिचवले.

त्याचा विषयही तसलाच. चार अँटेनांनी संदेश पाठवायचा, पण मधली हवा, भिंती, झाडं त्याचं काय करतात हे पाठवणाऱ्याला धड कळत नाही. मग ऐकणाऱ्यानं चार ठरलेल्या खुणांपैकी एक परत धाडायची आणि तेवढ्यावर पाठवणाऱ्यानं अँटेनांचा मेळ बसवायचा. ही युक्ती त्याच्या मायची. लहानपणी तो नाल्याअलीकडून ओरडला की पलीकडच्या रानातून ती खुणा करी: एक हात वर म्हणजे कळलं, दोन्ही वर म्हणजे जोरात बोल, हात आडवा म्हणजे जागा बदल, पदर हलवला म्हणजे पुन्हा सांग.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले, पाठवणाऱ्याला हवेची सगळी खबर आहे असं धरा, आलेख झकास दिसेल, आजच सही करतो. सहा वर्षांची मेहनत पणाला होती. मागच्या बाकावरून मी डोळ्यांनी विनवत होतो, हाव म्हण.

“सर, सगळं म्हाईत असलेला माणूस मला आजवर भेटला न्हाई. सही ऱ्हाऊ द्या, खोटं मी लिहीत न्हाई.”

या चार खुणांना आधार काय, असं सरांनी विचारलं.

“माझी माय.”

सही राहिलीच. पुढं वर्षभर तो छपरावर, गोदाकाठावर अँटेना लावून मोजत बसला, आणि ते आकडे घेऊन त्याच सरांपुढं उभा राहिला. त्यांनी सही केली.

त्याच्यासोबत मी हदगावला गेलो. नाल्याअलीकडून तो ओरडला, “माय, पास झालो.” पलीकडं पदर हलला. तो पुन्हा ओरडला. पुन्हा पदर.

“दादा, वारा उलटा हाय. तिला ऐकू जाऊन न्हाई राहिलं,” मी म्हणालो.

“पहिल्याच हाकेला ऐकलंय तिनं,” तो म्हणाला. “एवढं मला म्हाईत हाय.” अन् तिसऱ्यांदा ओरडला.

आता तो दूर नोकरीला असतो. फोनवर त्याचा आवाज अगदी स्वच्छ येतो. तरी मी म्हणतोच, “दादा, पुन्हा सांग.”