तो शुद्धीवर होता

आमच्या गावात सैन्यात गेलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात. तो शिपाई असो, स्वयंपाकी असो नाहीतर गाडी चालवणारा असो, निफाडजवळच्या आमच्या स्टँडवर लोखंडी ट्रंक घेऊन उतरला की मेजर. माझा थोरला भाऊ तोफखान्यात साधा गनर होता, तोही पहिल्या सुट्टीपासून मेजर झाला. सैन्याने त्याला काढून टाकलं तरी गावाने मेजरच म्हणणं चालू ठेवलं. ते माझ्यामुळे. कसं, ते सांगतो. मी व्यापारी माणूस आहे, गोष्ट फिरवून सांगणं मला जमतं. इथे फिरवणार नाही.

धंदा माझा जुन्या मशिनरीचा. नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखादा कारखाना बंद पडायला आला की मी तिथे हजर. लेथ, ड्रिल, प्रेस, जे असेल ते उचलायचं, साफ करायचं, रंग मारून विकायचं. या धंद्यात भांडवलापेक्षा तोंड जास्त लागतं. समोरच्याला काय ऐकायचं आहे ते ओळखायचं आणि तेच त्याला ऐकवायचं. मला हे कोणी शिकवलं नाही. वडील लवकर गेले, भाऊ अठराव्या वर्षी भरती झाला, आई आणि धाकटी बहीण माझ्यावर आली. तू डोंगरावर मजेत होतास, मी इथे लोकांचे दरवाजे वाजवत होतो, हे मी त्याला आयुष्यभर ऐकवलं. त्यातलं काही अजून माझ्या पोटात आहे.

भाऊ दहा वर्षं तोफेवर होता. तोफेवरचा माणूस गोळा सोडतो, तो कुठे पडला हे त्याला दिसत नाही. पुढे एखाद्या डोंगरावर दुसरा माणूस दुर्बीण घेऊन बसलेला असतो आणि तो वायरलेसवर सांगतो, शंभर डावीकडे, पन्नास पुढे. अकराव्या वर्षी भावाला त्या जागेवर बसवलं. सीमेवर तेव्हा दोन्हीकडून मारा चालू होता. त्याला काय दिसलं ते त्याने मला एकदाच सांगितलं. पलीकडच्या उतारावर, शत्रूच्या ठाण्याच्या जरा खाली, एक घर होतं. अंगणात दोरीवर कपडे. हा आकडे सांगत गेला तसे गोळे जवळ सरकत गेले. घरातून एक बाई बाहेर आली. ती पळाली नाही. दोरीवरचे कपडे एकेक करून काढायला लागली, हातावर घडी घालत.

"तिला वाटलं आसंल, धूळ बसती," भाऊ म्हणाला. "मी पुढचा आकडा सांगितला."

दुसऱ्या दिवशी त्याने दुर्बीण खाली ठेवली आणि लिहून दिलं की यापुढे मी शस्त्र चालवणार नाही आणि चालवायला मदतही करणार नाही.

मला तार आली नाही, फोन आला. दोन दिवसांच्या प्रवासाने मी त्याच्या छावणीवर पोचलो. तिथला अधिकारी भावापेक्षा लहान होता आणि भला माणूस होता, हे मला कबूल केलं पाहिजे. तो हिंदीत म्हणाला, तुमचा भाऊ चांगला सैनिक आहे, त्याला समजवा. आजारी आहे असा अर्ज दिला तर आम्ही त्याला दवाखान्यात पाठवू, डॉक्टर लिहून देतील, इज्जतीने घरी जाईल. नाहीतर कोर्ट मार्शल.

अर्ज टाईप करून तयार होता. फक्त सही राहिली होती. मी मनात म्हटलं, हा तर सोपा सौदा आहे.

"सही कर दादा. एवढी एक."

"काय लिवलंय त्यात?"

"झोप लागत नाय, डोक्यात आवाज येतात, असं काय काय."

"झोप तर लागती मला."

"लागती का नाय ते कोण बघायला येणार हे?"

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बारक्या, मी आजारी हे म्हणून सही केली, तर ती बाई पण आजारपणातलीच झाली. ते कपडे पण. मंग काही झालंच नाय."

दोन दिवस मी त्याच्याशी घासाघीस केली. बहिणीचं लग्न वणीला ठरलंय, ते सांगितलं. आईचं सांगितलं. मग एकेक पायरी खाली आलो. अर्ज नको, नुसता डॉक्टरला भेट. भेटूही नको, नुसता चार महिने गप्प बस. तो हसायला लागला. "तू मला लेथ समजू राहिला का?"

माझं डोकं फिरलं. हातातला चहाचा ग्लास मी भिंतीवर मारला. दारातला पहारेकरी आत डोकावला. मी म्हणालो, "त्यापेक्षा तू मेला असता तर बरं. गावानं शाळेला नाव तरी दिलं असतं."

"शाळेला नको," तो म्हणाला. "पोरं नापास व्हतील."

त्याला काही महिन्यांची कैद झाली आणि बडतर्फ केलं. मी एकटा परत आलो.

दोन आठवड्यांनी बहिणीचे होणारे सासरे माझ्या अंबडच्या दुकानात आले. वणीकडचा मोठा बागायतदार माणूस, पांढरी टोपी, बोलणं कमी. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, "मेजर लग्नाला येऊ राहिले ना?"

तोफ चालवायला नाही म्हणालेला माणूस त्यांच्या सोयऱ्यांत बसणार नाही, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. आणि त्यांना काय ऐकायला आवडेल, तेही कळलं. मी मान खाली घातली. म्हणालो, "मामा, मेजरच्या डोक्यावर परिणाम झालाय. तोफेच्या आवाजानं."

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "देशापायी झालं बाबा," ते म्हणाले. "आपण सांभाळू."

आठवड्यात सगळ्या गावाला कळलं. माझ्या आयुष्यात इतका सरळ सौदा झाला नाही. कोणी भाव पाडला नाही, कोणी उलटून विचारलं नाही. लग्न व्यवस्थित पार पडलं.

भाऊ सुटून आला तेव्हा गाव त्याच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलायला लागलं, जसं लहान मुलाशी किंवा बहिऱ्याशी बोलतात. दिवाळीत आमच्या गल्लीत फटाके बंद झाले. वरातीचा बँड आमच्या दारासमोर आला की गप्प व्हायचा आणि कोपरा ओलांडून पुन्हा सुरू व्हायचा. एकदा भाऊ ओट्यावर येऊन म्हणाला, "वाजवा ना रे, थांबले काय?" वाजवणाऱ्यांनी नजरा खाली घातल्या. एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. तो जितकं शहाण्यासारखं बोलायचा तितकी लोकांची खात्री पटायची.

द्राक्षाच्या हंगामात तो लोकांच्या बागांमध्ये पाखरं हाकायला जायचा. दिवसभर पत्र्याचा डबा बडवायचा. दोन शेतं पलीकडे ऐकू जायचं. आवाजाने खुळा झालेला माणूस दिवसभर डबा कसा बडवतो, हे गावातल्या एकाही माणसाने विचारलं नाही.

मला मात्र त्याने विचारलं. "तू काय सांगितलं रे गावाला?"

मी सांगितलं. मला वाटलं, आता हा माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर भांडण झालं असतं आणि मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "एवढं कर. जाऊन सांग, तो शुद्धीवर होता. बाकी काही नको सांगू."

मी म्हणालो, सांगतो, बहिणीचं सासरी बस्तान बसू दे. मग म्हणालो, तिचं बाळंतपण होऊ दे. मग आई आजारी पडली. मग माझ्या मुलीचं लग्न निघालं. त्याने पुन्हा विचारलं नाही. न विचारणाऱ्या माणसाचा मला फार राग यायचा. मागणी केली की निदान नाही म्हणता येतं.

कधीमधी तो दुकानात येऊन बसायचा. देवळालीकडे तोफांचा सराव चालू असला की अंबडपर्यंत आवाज येतो आणि दुकानाच्या काचा जरा थरथरतात. नाशिकच्या माणसाला त्याचं काही नसतं, चहा हलत नाही. भाऊ मात्र बोलता बोलता थांबायचा. काही क्षण. मग हळूच म्हणायचा, "पडला." आणि तोडलेलं वाक्य पुढे चालू करायचा. मी चिडायचो. गिऱ्हाइकासमोर असलं नको, म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी तो नाशिकच्या दवाखान्यात न्यूमोनियाने गेला. सहा दिवस होता. त्या सहा दिवसांत मला सांगायला पुष्कळ वेळ होता, निदान तिथे बसलेल्या नातेवाइकांना तरी. मी डॉक्टरांशी खोलीवरून भांडलो, औषधवाल्याशी भांडलो. ते तेवढं राहिलं.

आता सराव सुरू झाला की मी मोबाईल बाजूला ठेवतो आणि वाट बघतो. त्याला बरोबर कळायचं, मला कळत नाही. गोळा कधी पडला ते मला कळत नाही म्हणून मी वाट बघतच राहतो. समोरचं गिऱ्हाईक विचारतं, काय झालं शेठ?

या वर्षी गावाने ठरवलं, स्टँडजवळ काळ्या दगडाचा फलक लावायचा आणि गावातून सैन्यात गेलेल्या सगळ्यांची नावं कोरायची. ग्रामपंचायतीतून मला निरोप आला, फोटो आणि संमती घेऊन या. मी गेलो. सरपंच होते, आणि सुभेदार होते. गावात यांना एकट्याला मेजर म्हणत नाहीत, कारण म्हटलं की ते तिथल्या तिथे चूक काढतात. त्यांनी यादी दाखवली. भावाच्या नावापुढे कोरायला ओळ लिहिली होती: युद्धात मनाने जखमी.

मी म्हणालो, "ही ओळ खोटी हे."

"बदलू ना," सरपंच म्हणाले. "तुम्ही सांगा, कशी लिहू?"

"लिहा, यानं शुद्धीवर असताना तोफ चालवायला नकार दिला."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सरपंच म्हणाले, "आण्णा, तवा तुम्हीच सांगितलं ना गावाला?"

"मी खोटं बोललो. बहिणीच्या लग्नासाठी बोललो."

मी पिशवीतून बडतर्फीचा कागद काढला. इंग्रजीत आहे, पण सुभेदारांना वाचता येतं. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला. "हुकूम मानला नाही, असंच हे यात," ते म्हणाले. "बरोबरच हे. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस हुकूम कसा मानंल?"

मी ओरडायला लागलो. काय काय ओरडलो ते नीट आठवत नाही. टेबलावर हात आपटला, यादी फाडली. त्या बाईचं सांगितलं, कपड्यांचं सांगितलं. बाहेरची माणसं दारात जमली. भांडायला कोणीच उठेना. सरपंचांनी पाणी मागवलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते सावकाश आणि मोठ्याने म्हणाले, "बसा आण्णा. बसा जरा. लय जीव हो तुमचा भावावर."

मी बसलो. म्हणालो, नाव काढून टाका. कोणतीच ओळ नको, नावही नको. त्यांनी ते लगेच मान्य केलं. जन्मभर सौदे केले, समोरच्याने इतक्या लगेच हो म्हटलं की मला कळतं, आपण हरलो.

फलक लागला. उद्घाटनाला मी गेलो नाही, पुढच्या सोमवारी सकाळी गेलो. नावं वाचली, खालून वर आणि वरून खाली. एक तरुण जोडपं मोटारसायकल लावून शेजारी उभं होतं. नवरा गावातला असावा, बायको नवी. तो तिला नावं दाखवत होता. माझ्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला, तरी मला ऐकू आलं. "एक नाव कमी हे. यांचे भाऊ. डोक्यावर परिणाम झाला होता. यांना सहन होत नाय, म्हणून कोरलं नाय."

मी त्याला म्हणालो, असं नाही ते. तो अगदी मऊपणे हो हो म्हणाला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, दुर्बिणीपासून. त्याच्या बायकोने पाण्याची बाटली पुढे केली. ऊन चढलं होतं. त्याने माझं कोपर धरून मला सावलीत नेलं आणि विचारलं, "घरी सोडू का काका?"

माझी गाडी समोरच उभी होती, किल्ली खिशात होती. मी मोटारसायकलवर त्याच्या मागे बसलो.