खालाचा ठरलेला सवाल

रिकामं घर बघायला गेलं की आमची खाला आधी फरशीवर आडवी व्हायची. तेही मे महिन्यात, भर दुपारी. उशाला पिशवी घेऊन डोळे मिटायची आणि दलालाला म्हणायची, "जरा चूप बस ना बाप्पा. घराले बोलू दे." दलाल बिचारा किल्ल्या चाळवत उभा. मला हसू आवरायचं नाही.

खाला म्हणजे मावशी, पण नात्यानं नव्हे; वाशीमजवळच्या मालेगावातली माझी शेजारीण. रजया शिवायची. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, उभा जन्म भाड्याच्या खोल्यांत काढला. आमचे हे वारले, त्यांचा फंड हाती आला, तेव्हा मी ठरवलं की वाशीमला लहानसं घर घेऊन भाड्यानं द्यायचं आणि त्यावर म्हातारपण काढायचं. मुलापुढे हात पसरायचा नाही. पण घरच चुकलं तर? या धास्तीनं माझी झोप उडाली होती. खाला म्हणाली, "मले घेऊन चाल. भाडेकऱ्याचं दुखणं भाडेकऱ्यालेच समजते."

ओल, मीटर, नळ हे मी विचारायची. तिचा सवाल एकच. "इथं पयले कोण राहे? अन् ते काहून गेले?" उत्तर मात्र दलालाकडून घ्यायची नाही. शेजारच्या दारात जाऊन प्यायला पाणी मागायची.

एक घर मला फार आवडलं होतं. चकचकीत फरशी, अंगणात जास्वंद. आधीच्यांची बदली झाली, असं दलाल म्हणाला. इसार द्यायला मी पर्स उघडली, तेवढ्यात खाला शेजारून आली. "अर्धाच पेला भेटला मले," ती म्हणाली. "बाई वाईट नाही वं. होळी झाली का इथली बोअर आटते. भाडेकरू पळून जाते." पर्स मिटली. जास्वंदीची हळहळ मात्र परतीच्या बसमध्ये दोघींनाही पुरली.

मग रंग उडालेलं एक घर मिळालं. खाला आडवी झाली आणि चक्क झोपली. खिडकीतून कडुनिंबाची सावली तिच्या अंगावर हलत होती. दलाल घड्याळ बघू लागला तशी मी त्याला गप्प राहायची खूण केली. तिला उठवावंसंच वाटेना. उठल्यावर तिनं पाणी मागितलं, तर शेजारणीनं तांब्याभर पाणी दिलं, वर गुळाचा खडा. "घेऊन टाक हे," खाला म्हणाली. मी घेतलं.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मान न वळवताच म्हणाली, "भाडेकरू कसा पाह्यजे तुले?" तेव्हा मला उमगलं, इतक्या घरांत डोळे मिटून ती काय बघत होती.

"तुझ्यासारखा," मी म्हटलं.

"भाडं घेशीन तं येतो. फुकट नाही."

आली. भाडं एकदाही थकवलं नाही. मी गेले की रजयांच्या पसाऱ्यात डोळे मिटून पडलेली दिसायची. "आता काय बघतेस गं?" विचारलं तर म्हणायची, "आता कायी नाही पाहत. आता झोपतो."

यंदा थंडीत ती गेली. त्याच खोलीत, झोपेतच.

काल एक जोडपं घर बघायला आलं. नवऱ्यानं भाडं विचारलं. बायको, पोरगीच ती, कडुनिंबाकडच्या खिडकीशी उभी होती. तिनं हळूच विचारलं, "काकू, इथं आधी कोण राहत होतं? ते काहून गेले?"

"माझी खाला होती गं," मी म्हटलं. "ती काही जाणार नव्हती."

मग शेजारी गेले आणि पोरीसाठी तांब्याभर पाणी मागून आणलं.