छातीचा पट्टा आणि उणे अठरा

पप्पांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी रडले नाही. आयसीयूबाहेर बसून अख्खा बिस्किटाचा पुडा संपवला आणि चव काय होती ते आजही सांगता येणार नाही. नंतरही तेच. ऑफिसला गेले, जुईनगर स्टेशनबाहेर भाजी घेतली, सगळं जमत होतं, फक्त आत काही हलत नव्हतं.

पप्पा द्रोणागिरीला कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. उणे अठरा अंशांच्या खोलीत मटार, कोळंबी, आइस्क्रीम, सगळं त्यांच्या नजरेखाली लागतं. वीस वर्षं झाली. दोन महिने घरी काढून ते कामावर निघाले तर कंपनी म्हणाली, गेटवर बसा, गाड्यांचे नंबर लिहा. आत जायचं असेल तर डॉक्टरांचं पत्र आणा. आणि डॉक्टर म्हणाले, छातीला ठोके मोजायचा पट्टा लावा, कोणालातरी सोबत घेऊन पंधरा मिनिटं आत हलकं काम करा, मला आकडे दाखवा. एकशेदहाच्या वर गेले नाहीत तर पत्र देतो. वर गेले तर लगेच बाहेर यायचं.

"गेटवर मी बसणार नाय," पप्पा म्हणाले. "त्यापेक्षा घरी बसून लसूण सोलेन."

मग मी पट्टा मागवला, आणि खरं सांगते, त्या पट्ट्याबद्दल बोलायला लागले की मी थांबायचेच नाही. दिवसभर व्हिडिओ बघायचे. आई पोळ्या लाटत असायची आणि मी तिच्या कानाशी सांगत सुटायचे, अगं त्याला आतून दोन रबरी पट्ट्या असतात, त्या कातडीला नीट चिकटल्या तरच ठोका कळतो, घाम असला की छान चालतं, थंडीत कातडी कोरडी पडते म्हणून बोंबलतं.

"बरं," आई म्हणायची.

पहिल्या दिवशी मी रजा टाकून सोबत गेले. फ्रीजरच्या आधी एक छोटी थंड खोली असते, प्लास्टिकच्या पडद्यांची, तिथपर्यंत मला सोडलं. पप्पांचे जुने दोस्त, तिथले फोर्कलिफ्टवाले काका, पप्पांसोबत आत थांबणार होते. त्यांनी शर्टाखालचा पट्टा बघितला.

"काय रे, वहिनींचं ढापलंस काय?"

"तुला पायजे तर तुझ्या मापाचं आणतो."

पप्पा हसत आत गेले. पट्ट्याचे आकडे त्यांच्या खिशातल्या मोबाइलवर यायचे; पंधरा मिनिटांनी ते बाहेर आल्यावर मी तो बघितला. शून्य. शून्य. मध्येच दोनशे बारा. परत शून्य.

"म्हणजे मी मेलोय," पप्पा म्हणाले. "मेलेल्याला थंडीचं काय टेन्शन? दे पत्र."

दुसऱ्या दिवशी पाणी लावून बघितलं. तेच. पट्टा एक घर घट्ट केला. तेच. व्हिडिओतला एक जण थुंकी लावा म्हणत होता, त्यावर पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच सोडला.

आधी पप्पा स्वतःच बांधायचे; तिसऱ्या दिवशी सकाळी घरीच मी पट्टा बांधायला गेले तर माझी बोटं घसरली. छाती तेलकट. कापराचा वास. आई रोज सकाळी खोबरेल तेलात कापूर घालून गरम करते आणि पप्पांच्या छातीला चोळते, थंडी आत शिरू नये म्हणून. पप्पा फ्रीजरमध्ये जायला लागले तेव्हापासून रोज. ऑपरेशननंतर तर दोनदा. आणि मी तिलाच आठवडाभर कातडीचं सायन्स ऐकवत होते.

"आई, तेलामुळे चालत नाहीये ते."

आई वाटी हातात धरून उभी राहिली. मला वाटलं भांडेल.

"मग पाठीला लावते," ती म्हणाली, आणि पप्पांना मागे वळवलं.

मी साबण आणि कोमट पाण्याने पप्पांची छाती पुसली, रबर ओलं केलं आणि निघायच्या आधी अर्धा तास पट्टा बांधून ठेवला, कातडीचा ओलावा आतच राहावा म्हणून. या वेळी पप्पा आत गेले तर दहा मिनिटांतच बाहेर आले. थोडा दम लागला म्हणाले, फार काही नाय. मी त्यांच्या आतल्या खिशातून मोबाइल काढला. रेघ आली होती. एकदम साफ, कुठे तुटली नव्हती.

"आली, पप्पा, आली बघा," मी ओरडलेच. काकांनाही दाखवली.

मग आकडे वाचले. बाहेर उभे होते तेव्हा शहात्तर. दार लागलं, अठ्ठ्याण्णव. चार खोकी सरकवली, एकशे चौतीस. शेवटपर्यंत आकडा एकशे तीसच्या खाली आलाच नाही.

"किती?" पप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. काका हळूच फोर्कलिफ्टकडे निघून गेले.

"काल तर शून्य होतं," पप्पा म्हणाले. "आजपण तेच झालं म्हण ना. मशीन बिघडलंय म्हण."

"बिघडलं नाहीये."

"तूच म्हणत होतीस थंडीत चालत नाय."

"आता चालतंय, पप्पा."

मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोटो पाठवला. मला वाटलं आता तरी आत काहीतरी हलेल. पण मोबाइल मी नीट धरला होता आणि बॅटरी चाळीस टक्के आहे हे मला दिसत होतं.

"काढ आता हे," पप्पा म्हणाले.

मी शर्टाखाली हात घातला. त्या खोलीत उभं राहून माझी बोटं बधिर झाली होती, हूक कुठे आहे तेच कळेना. दोनदा प्रयत्न केला. मग पप्पांनी माझा हात बाजूला केला, पट्टा स्वतः काढला, आणि माझ्या दोन्ही हातांची बोटं आपल्या तळहातात धरून चोळत राहिले.

"किती गार पडलीयेस," ते म्हणाले. "चल, गेटवर ऊन असतं."